डोळे ऱ्हायलेत

“तिला आधी खाली उतरवा.”

तिला. मला न्हाय. मी तितंच हुते. लेण्याच्या आत, बांबूवर टाकलेल्या फळीवर, देवीच्या तोंडापासनं वीतभर लांब. हातात हातोडा, पापण्यांवर दगडाची भुकटी. आणि ट्रस्टचे अध्यक्ष माझ्याकडं न बघता मॅनेजरला सांगत हुते, तिला खाली उतरवा. फळीवर कुणाचा तांब्या इसरला असंल तर असं सांगत्यात.

सांजचे पाच वाजलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेचा मुहूर्त. अध्यक्षांना गावात सगळी अण्णा म्हणायची. अण्णांच्या मागं पुजारी, पुजाऱ्याच्या हातात बादली. मला वाटलं पाणी असंल.

मी म्हणले, “अण्णा, अजून काम ऱ्हायलंय.”

“ऱ्हायलंय ते ऱ्हाऊ दे. चल, उतर.”

शिडीवरनं माझा एक पाय खाली टेकला, दुसरा अजून दांडीवर हुता, तवाच पुजाऱ्यानं बादली उपडी केली. गोमूत्र. फळीवर, बांबूवर, जितं मी चाळीस दिस बसलते तितं. शिंतोडे माझ्या पायावर, सलवारीवर. कुणी चुकलं म्हणलं न्हाय. उलट मॅनेजर माझ्यावरच खेकसला, “बाजूला सर की! पाय मधी यायलाय.”

मी बाजूला सरले. सांगताना लाज वाटत्या. पण खरं ते सांगते. सरले.

आमी वडार. दगड फोडणारी, दगड घडवणारी. आमच्या घरात आईला अम्मा म्हणत्यात. माझा बा खाणीत दगड फोडायचा, मी लहान असतानाच त्यो गेला. मला वाढवलं अम्मानं, टाकीवर. टाकी म्हंजे छिन्नी. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मसाला वाटला जात न्हाय, मग त्याला परत टाकीनं ठोकून खडबडीत करायला लागतं. मिक्सर आले, तरी मटणाचा मसाला पाट्यावरच पायजे म्हणणारी घरं कोल्हापुरात अजून हाईत. मंगळवार पेठेच्या बोळांतनं अम्मा वरडत जायची, “टाकी लावायची का, पाट्याला टाकीऽऽ!” मागनं मी, खांद्यावर अवजारांची पिशवी. बाया पाटा उंबऱ्याबाहेर आणून ठेवायच्या. अम्मा तितंच बसून ठोकायची. काम झालं की बाया पाट्यावर घागरभर पाणी वतायच्या आणि मगच आत न्ह्यायच्या. भुकटी जायला वतत असतील. असतील बी. त्या सांजंपासनं मला ते नक्की सांगता येत न्हाय.

दहा वर्षांची असताना मी पयला पाटा एकटीनं ठोकला. बाराव्या वर्षी पाट्याच्या कडंला मोर काढला, अम्मानं टाळकं हलवून टाकलं माझं. “मोराचं कोण जास्त देणार हाय व्हय गं तुला?” पण दुसऱ्या दिशी तोच पाटा तिनं शेजारणीला न्हेऊन दावला. आमची अम्मा अशी.

पुढं मी एका सरांच्या कारखान्यात लागले. सर मोठे शिल्पकार. फायबरचे पुतळे करायचे, चौकाचौकांत त्यांची कामं. पुतळ्याखालचं दगडाचं काम माझ्याकडं. सरांचा हात मातीत लई गोड चालायचा, मी नावं ठेवत न्हाय. पण काळा दगड त्यांनी कधी ठोकला नव्हता. आणि लेण्याचं काम आलं ते नेमकं काळ्या दगडाचं.

पन्हाळ्याच्या अंगाला एका डोंगरात ते लेणं हाय. गावाचं नाव सांगत न्हाय, तसली गावं लई हाईत. म्होरं खांबांची वसरी, आत अंधाऱ्या खोल्या, आणि सगळ्यात आतल्या भिंतीत देवी. ती आणून बसवलेली न्हाय. डोंगरच कोरून काढलेला. पाठ तिची डोंगरातच हाय. वरनं पाझरणारं पाणी आणि पिढ्यानपिढ्या वतलेलं दूध-दही, ह्यानं तिच्या तोंडाचे पापुद्रे सुटले. नाक गेलं, वरचा व्हट गेला, डोळे सपाट झाले. दुसरी मूर्ती असती तर उचलून कारखान्यात न्हेली असती. ही उचलायची कशी? हातालाच तिच्यापशी जायला लागणार. सर मला म्हणले, “नाव माझं असेल, हात तुझा. चालेल ना?”

चालंल म्हणले. देवीचं तोंड कोरायला मिळतंय म्हणून मी त्या दिवशी जेवले न्हाय धड.

ट्रस्टच्या अटी मॅनेजरनं पयल्याच दिशी सांगिटल्या. पायऱ्यांवरनं चढायचं न्हाय, मागल्या वाटेनं यायचं, करवंदीच्या जाळीतनं. भाविकांची येळ सोडून काम. पाणी आपलं आपण आणायचं. आता कायदा हाय, त्यामुळं तोंडानं कुणी जात काढत न्हाय. “शास्त्र हाय,” असं म्हणत्यात. शास्त्र म्हणलं की पोलीस येत न्हाईत.

आणि रोज सकाळी मी वर पोचले की मॅनेजर चार गवंड्यांच्या म्होरं मोठ्यांदा इचारायचा, “आज चालतंय न्हवं?”

म्हंजे पाळी न्हाय न्हवं. रोज. चाळीस दिस. मी मान हलवायची. गवंडी खाली बघून हसायचे. त्यातला एक म्हातारा तेवढा हसायचा न्हाय, पण बोलायचा बी न्हाय. मधी पाच दिस मी खरंच खालीच बसले, कारण खोटं बोलायला अम्मानं शिकवलं न्हाय. सहाव्या दिशी गेले तर मॅनेजर म्हणला, “आली काय? बरं झालं.” सगळ्या डोंगराला ठावं झालं की माझं काय चाललंय.

अम्मा पायथ्याला पत्र्याच्या शेडात माझ्यासंगं ऱ्हायलती. रोज सांजला ती माझ्या बोथट टाक्या भट्टीत लाल करायची, ठोकून टोक काढायची आणि पाण्यात बुडवायची. टाकीला पाणी द्यायचं म्हणत्यात त्याला. कमी बुडली तर टोक दबतंय, जास्ती बुडली तर तुटतंय. अम्माचं पाणी कधी चुकलं न्हाय. भल्या सकाळी उठून ती डोंगराकडं तोंड करून हात जोडायची. “मला एकदा वर यीऊ द्या, लांबनं बघते,” असं तिनं मॅनेजरला इचारलं. त्यो म्हणला, “एकीचं सोसतोय तेवढं बास हाय.” तरी ती हात जोडायची थांबली न्हाय.

लेण्याच्या दारात फलक हाय, ही देवी आणि हे लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलं. मी अम्माला वाचून दावलं, म्हंजे खाली येऊन सांगिटलं. ती म्हणली, “एका रात्रीत? एका रात्रीत पाटा हुत न्हाय धड!” आणि पदर तोंडाला लावून किती येळ हसत हुती.

मी त्या दगडाला रोज बोटं लावत हुते, मला पांडव दावू नका. देवीच्या उजव्या दंडाच्या मागं, जितं दिवा पोचत न्हाय, तितं काम अर्धवट सोडलेलं हाय. उघड दिसतंय ते गुळगुळीत, मागं नुसते टाकीचे घाव. आमी बी तसंच करतो. आणि ते घाव उलट्या बाजूनं पडलेले. कोरणारा डावखोरा हुता. शेवटच्या खोलीत भिंतीवर आखलेली रेघ हाय, पुढं कोरलंच न्हाय. काम बंद पडलं असंल, न्हाय तर माणूस मेला असंल. एक दिस मी त्या घावांवर माझा डावा हात धरून बघितला, कोपर कुठं येतंय ते. बरोबर बसलं. त्या माणसाचं नाव कुणी लिवलं न्हाय. पण त्यो पोट हातावर असलेला माणूस हुता, हे मी कुठल्याबी कोर्टात सांगीन.

तर काम. सगळं तोंड अर्धं बोट खोल तासून घेतलं आणि नव्यानं काढलं. कपाळ, गाल, नाक. व्हटाला मला नऊ दिस लागले. जरासं हसणं पायजे हुतं, पण दात न दावता. सर दोनदा आले, फोटो काढले, “छान, छान” म्हणून गेले.

आणि डोळे. डोळे सगळ्यात शेवटी. आमच्यात रीत हाय, अम्मानं शिकवलेली. एकदा डोळा उघडला की देव बघाय लागतोय. मग त्याच्या तोंडावर हातोडा उगारायचा न्हाय. म्हणून बाकीचं सगळं झाल्यावर, अंग धुऊन, उपाशीपोटी डोळा काढायचा. तवर तिथं नुसता फुगवटा ठेवायचा. मी तसाच ठेवलता. मुहूर्ताच्या दिशी पहाटं उठून करायचं ठरवलं हुतं, दोन-तीन तासांचं काम. सरांना मी हे सांगिटलं हुतं. सर व्हय म्हणले हुते. ते फोनवर बोलत हुते तवा.

त्या सांजंला अण्णा आले, अंधारात बल्बच्या उजेडात बघितलं, तोंड तयार दिसलं. भुकटी बसलेली, डोळे कोण बघतंय? आणि त्यांना घाई, की माझा इटाळ सकाळच्या आत धुऊन निघायला पायजे. म्हणून बादली. त्याच सांजंला सगळं लेणं धुतलं, मंत्र म्हणले, फुलं बांधली, मला खाली धाडलं.

राग मला वर असताना आला न्हाय. शेडात येऊन पाय धुवाय लागले तवा आला. साबण लावला, दगडानं घासलं, वास जाईना. आणि मला एकदम कळलं की मी त्यांचाच इटाळ धुवायलेय. देवीचं नाक माझ्या हाताचं. गाल माझ्या हाताचे. त्या गालाला त्यो पुजारी उद्या हळद लावणार, आणि माझी बसायची फळी त्याला घाण वाटत्या. मग गाल घाण कसा न्हाय रे? धुवायचंच तर देवी खरवडून काढा की! मी मोठ्यांदा बोलत हुते. अम्मा भट्टीपशी बसून बघत हुती.

दिवेलागणीला मॅनेजर उतरून आला. पळत आलता, धापा टाकत. मागं सर.

“ताई,” त्यो म्हणला.

ताई! चाळीस दिसात पयल्यांदा.

“ताई, जरा वर यायला लागतंय. पुजारीकाका म्हणायलेत, देवीला डोळे न्हाईत.”

“न्हाईतच,” मी म्हणले. “ऱ्हायलेत.”

“मग करायला लागतंय की ते. सकाळी आमदार येणार हाईत.”

मग त्यानं सगळं मांडलं. पहाटं, उजाडायच्या आत यायचं. मागल्या वाटेनं. अंघूळ करून, कोरं लुगडं ट्रस्ट देणार, डोक्यावरनं पदर. कुणाला कळता कामा नये, कारण शुद्धी झालीय म्हणून गावाला सांगून बसलेत. “आणि झाल्यावर थोडं परत शिंपडायला लागंल,” त्यो म्हणला. “शास्त्र हाय. मनावर घेऊ नगा.”

मी म्हणले, “अण्णांनीच सांगिटलंय की. ऱ्हायलंय ते ऱ्हाऊ दे.”

“अवो, त्यांना काय ठावं!”

“मला ठावं हुतं. मी सांगत हुते.”

त्यानं सरांकडं बघितलं. सर म्होरं झाले. “हे बघ, इगो करू नकोस. कलेसाठी कर.”

“सर, मग तुमीच करा की. नाव तुमचंच हाय.”

सर मोबाईलकडं बघाय लागले. त्यांना ठावं हुतं, एक घाव चुकला तर नाकासकट पापुद्रा निघंल. माझ्यावर त्यांनी हात कधी उगारला न्हाय, आवाज चढवला न्हाय. पण त्या येळी त्यांनी मॅनेजरला एवढं जरी म्हणलं असतं, की तिच्यावर कशाला शिंपडताय, तरी मी गेले असते.

मग मी माझं सांगिटलं. “मुहूर्ताच्या आधी, उजेडात येते. पायऱ्यांनी. सगळ्या गावादेखत. अम्मा बी संगं येणार. डोळे उघडते. आणि मी उतरल्यावर कुणी काय शिंपडायचं न्हाय.”

मॅनेजर हसला. खरंच हसला. “येडी का खुळी! गाव पेटंल की.”

“मग जावा.”

अम्मानं माझं मनगट धरलं. तिची बोटं भट्टीनं गरम हुती. “पोरी, देवीला आंधळी ठेवतीस? तिनं काय गुन्हा केलाय?”

इथं मला खोटं बोलायचं न्हाय. मला जायचं हुतं. ते तोंड माझ्या हातनं झालेलं सगळ्यात चांगलं काम हुतं. परत तसलं मिळंल न मिळंल. डोळे कसे काढायचे ते मला पाठ हुतं, वरची पापणी जरा जड, नजर खाली, म्होरं बसलेल्या माणसावर. माझी बोटं शिवशिवत हुती. तीन तास. तीन तास खाली मान घालून काढले असते की ती पुरी झाली असती. आमी जन्मभर तेच करत आलोय, तीन तास, तीन दिस, तीन पिढ्या. मी अम्माची बोटं सोडवली. मॅनेजरला म्हणले, “न्हाय येणार.”

त्यो शिव्या देत गेला. ताई नव्हते मी आता, काय हुते ते सांगत न्हाय.

सकाळी कर्णा वाजला. त्यांनी सराफाला उठवून चांदीचे डोळे आणले आणि चिकटवले. खाली शेडात आमी बोचकी बांधत हुतो, वरचं सगळं ऐकू येत हुतं. सरांनी भाषण केलं. म्हणले, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. टाळ्या पडल्या. मी अम्माला म्हणले, सोसणारा देव झाला, मग घालणारा कोण झाला गं? ती बोचक्याची गाठ आवळत ऱ्हायली. घरी येऊन चार दिस माझ्या हातचं जेवली न्हाय.

सरांनी परत बोलावलं न्हाय. दुसऱ्या दोघा शिल्पकारांकडं गेले, त्यांच्याकडं माझी कीर्ती आधीच पोचलेली. काम अर्धवट टाकून पळती. मी पळाले म्हणे! आता मी परत पिशवी घेऊन बोळांतनं फिरते. पाटे कमी झालेत. कुत्री वळखत्यात मला.

आणि अम्मा. वरसभरातच तिचा दम वाढला. चार पावलं चालली की बसायची. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई बऱ्या हुत्या, फोटो उजेडाला धरून मला दावला. म्हणल्या, दगडाची भुकटी बसलीय, जन्मभराची. निघत न्हाय ती. अम्मानं ऐकलं, मान हलवली, आणि बाहेर आल्यावर मला म्हणली, “डॉक्टरला काय कळतंय? देवीचा कोप हाय. तू आंधळी ठेवलीस तिला.”

“अम्मा, तुझ्या छातीत कोप न्हाय. दगड हाय.”

“दगड तर तीच हाय की गं.”

हिच्यापुढं काय बोलायचं सांगा. बा बी असाच खोकून गेला, त्यानं कुठल्या देवीला आंधळी ठेवलती? वस्तीत चाळिशी गाठलेला बाप्या शोधून सापडत न्हाय, सगळ्यांवरच कोप काय? मी वरडते. ती भिंतीकडं तोंड करत्या. तिची सगळी भीती एका जागी गोळा झालीय, आणि ती जागा मी हाय.

परवा मॅनेजरचा फोन आला. चांदीचे डोळे टिकत न्हाईत. लेण्यात वल हाय, वर दूध पडतंय. भर यात्रेत अभिषेक चालू असताना एक डोळा सुटून तीर्थाच्या भांड्यात पडला, म्होरच्या बायांनी किंकाळ्या फोडल्या. आता गावात कुजबूज हाय. अण्णा म्हणत्यात, मिटवून टाका. “ताई, ह्या बारीला शिंपडणार न्हाय,” मॅनेजर म्हणला. “तुमच्यादेखत तर न्हाईच.”

“माझ्या माघारी?”

त्यो खाकरला.

“पायऱ्यांनी?”

“आता ते... दार बंद ठेवून, रंगकाम हाय म्हणून सांगू लोकास्नी. गुपचूप हुऊन जाईल. कुणाचंच मन दुखायचं न्हाय.”

मी म्हणले, माझी अट हाय तीच हाय. दिवसाढवळ्या, दार उघडं ठेवून, गावादेखत. अम्माला खुर्चीवर बसवून वर न्ह्यायचं, आणि खुर्ची तुमची माणसं धरणार. न्हाय जमत तर फोन करू नगा.

“बघतो,” त्यो म्हणला. “बघा,” मी म्हणले.

अम्मा जागीच हुती. सगळं ऐकलं तिनं. मी तेल गरम करून तिच्या छातीला चोळाय बसले. छातीच्या आत खर्रखर्र वाजत हुतं, हाताला लागत हुतं.

“जाऊन यी की गं,” ती म्हणली. दोन शब्दांमधी दम घेत हुती. “गुपचूप तर गुपचूप. देवीला काय, दार उघडं असलं काय न् झाकलं काय. तिला दिसाय लागंल. मला श्वास घेता यील.”

मी चोळत ऱ्हायले.

“मी मरायला टेकले तरी जाणार न्हाईस?”

मी तिच्याकडं बघितलं. तिला उत्तर पायजे हुतं, म्हणून दिलं.

“न्हाय, अम्मा. तशी न्हाय जाणार.”